मी, मागच्या भिंतीजवळचा व्हॉल्व्ह

मी एक जुना लोखंडी व्हॉल्व्ह आहे, मित्रांनो, पण पाहणाऱ्याला ते खरं वाटत नाही. माझं चाक आरशासारखं चमकतं. येणाऱ्या-जाणाऱ्याचं तोंड त्यात दिसतं, जरा वाकडं दिसतं, पण दिसतं. एका कारखान्याच्या स्वागतकक्षात, काचेच्या दाराशेजारी, लाकडी चौथऱ्यावर मला बसवलं आहे. खाली पाटी आहे : ‘इथून आमचा स्वच्छतेकडे प्रवास सुरू झाला.’ पाहुणे येतात, पाटी वाचतात, माझ्याशेजारी उभं राहून फोटो काढतात. त्या पाटीवर अर्धीच गोष्ट आहे. उरलेली मी सांगतो, पण ऐकताना मला बिचारा समजू नका. मी बिचारा नाही.

माझा जन्म भट्टीत झाला. वाळूच्या साच्यात वितळलेलं लोखंड ओतलं, ते थंड झालं, कानसलं गेलं आणि माझं धड तयार झालं. मग आत वर-खाली होणारी झडप बसवली, ती हलवणारा आटे पाडलेला दांडा बसवला आणि डोक्यावर गोल चाक. कारखाना सोडण्याआधी आमची परीक्षा असायची. पोटात दाबाने पाणी भरायचं आणि कुठे पाझरतं का ते पाहायचं. परीक्षा घेणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराने माझ्यावर हातोडीची एक टिचकी मारली, कान लावला आणि म्हणाला, “गुणी आहे. हा थेंब सांडायचा नाही.” माझ्या आयुष्यातलं ते पहिलं कौतुक. मी त्यावर बरीच वर्षं फुशारलो.

तिथून मी या कारखान्यात आलो. इथे नळ, मुठी, सायकलच्या घंट्या अशा वस्तूंना क्रोमचा मुलामा देतात. पितळेचा मळकट नळ हौदात बुडतो आणि चांदीसारखा होऊन वर येतो. पण बुडवलेली प्रत्येक वस्तू धुवावी लागते आणि ते धुतलेलं पाणी पिवळं असतं. दिसायला सरबतासारखं, गुणाने विष. ते पाणी शुद्धीकरणाच्या टाकीत जावं, तिथे त्यावर औषधं पडावीत, गाळ खाली बसावा आणि मग निवळ पाणी बाहेर जावं, अशी रीत होती. निदान भिंतीवरच्या नकाशात तरी तशीच होती.

मला मात्र मागच्या भिंतीजवळ, कमरेएवढ्या खोल खड्ड्यात, नकाशात नसलेल्या एका पाइपावर बसवलं. खड्ड्याला विटांचा कठडा होता आणि शेजारी भिंतीत एक छोटं फाटक. पाइप भिंतीखालून पलीकडे जायचा.

माझी निगा राखणारा माणूस म्हणजे या कारखान्याचा फिटर. सगळे त्याला फिटरकाका म्हणत. बुटका, रुंद खांद्यांचा, बोलायला कमी. त्याची एक शिस्त होती. दर शनिवारी जेवणाआधी तो ग्रीसचा डबा आणि जुनं फडकं घेऊन कारखान्यातल्या एकूण एक व्हॉल्व्हकडे जायचा. दांडा पुसायचा, आट्यांत बोटाने ग्रीस भरायचा, चाक पाव फेरा पुढे, पाव फेरा मागे फिरवून पाहायचा. वर्षातून एकदा चाकाला लाल रंग. लोक थट्टा करत. एकदा वेल्डर म्हणाला, “काका, बायकोच्या केसांना एवढं तेल लावलं असतंत तर ती माहेरी गेली नसती!” काका हसला. “ती माझ्या ग्रीसच्या वासाला कंटाळूनच गेली रे,” म्हणाला, आणि पुढच्या व्हॉल्व्हकडे वळला.

आणि दर गुरुवारी, दुपारच्या जेवणाचा भोंगा वाजला की, तो माझं चाक अकरा फेरे उघडायचा. गुरुवारी मुलाम्याचे हौद धुतले जात. एवढं पाणी टाकीला पेलायचं नाही, आणि पेलायला लावायचं तर दुसरी टाकी बांधावी लागली असती. तासाभराने तो मला घट्ट बंद करायचा. पहिल्या दिवशी साहेबांनी त्याला सांगितलं होतं, “ही लाइन खालच्या साठवण टाकीत जाते.” काकाने मान हलवली होती. खालची टाकी पाहायला तो कधी गेला नाही. माझ्या पोटातून काय वाहतं ते मला कळत होतं, आणि ते कुठे पडतं त्याचा आवाजही पाइपातून परत येत होता. साठवण टाकीत पडणारं पाणी घुमतं. हे पाणी खळखळत पुढे जायचं. पण आम्हाला वाचा नसते, मित्रांनो, आणि खरं सांगायचं तर असती तरी मी गप्पच बसलो असतो. माझे आटे दर शनिवारी ग्रीसने भरले जात होते. कोण बोलतं अशा वेळी?

काकाला एक मोठी बहीण होती. आईवडील लवकर गेले, तेव्हा तिनेच त्याला वाढवलं, रोपं विकून फिटरचं शिक्षण दिलं. भिंतीपलीकडे, ओढ्याच्या उताराला पाचशे पावलांवर तिची रोपवाटिका होती. गुलाब, शेवंती, लिंबाची कलमं. आठवड्यातून तीनचारदा ती मागच्या फाटकातून डबा घेऊन यायची आणि दोघं माझ्या खड्ड्याच्या कठड्यावर बसून जेवायची. ती त्याला अजून ‘धाकट्या’ म्हणायची. त्याच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, तरी ती पोळीचा तुकडा मोडून त्याच्या डब्यात टाकायची.

तिच्याच तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं की रोपं जगत नाहीत. मुळं काळी पडतात. विहिरीच्या पाण्याने हाताला फोड येतात आणि ते भरत नाहीत. तिने हात पुढे केले. काकाने ते हातात घेऊन पाहिले आणि म्हणाला, “ताई, वरच्या अंगाला सहा कारखाने आहेत. त्यातला कुणीतरी नालायक असणार.”

“तुमचा तर नाही ना?” तिने विचारलं.

“आमची टाकी आहे. मी स्वतः तिचे पंप सांभाळतो,” काका म्हणाला. त्या दिवशी तो खोटं बोलत नव्हता.

ताईने तक्रार केली. तपासणीचे लोक आले. ते ठरल्याप्रमाणे सोमवारी येत, आणि सोमवारी ओढा आरशासारखा असे. मग ती कोर्टात गेली. तिथे जमिनीच्या वाटण्या, भाडेकरू आणि नवरा-बायकोची भांडणं यांच्या ढिगात तिचा कागद तीन वर्षं पडून राहिला. सहाही कारखाने एकमेकांकडे बोट दाखवत आणि न्यायाधीशांना क्रोम म्हणजे काय इथून सांगावं लागे. “पुढची तारीख मिळाली,” एवढंच ती कठड्यावर बसून सांगायची. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय?

मग शहरात पर्यावरणाच्या खटल्यांसाठी वेगळं न्यायालय सुरू झालं आणि ताईचा कागद तिकडे गेला. तिथे न्यायाधीशांच्या शेजारी तज्ज्ञ म्हणून एक रसायनशास्त्राच्या बाई बसत. त्यांनी पहिल्याच दिवशी ताईला वकिली प्रश्न विचारले नाहीत. म्हणाल्या, “आजी, रोज संध्याकाळी ओढ्याच्या पाण्याची एक बाटली भरून ठेवा. वर तारीख लिहा. महिन्याने घेऊन या.” इतकी साधी गोष्ट तीन वर्षांत कुणाला सुचली नव्हती.

महिना पुरा व्हायच्या आतच ताई फाटकातून आली, आणि त्या दिवशी तिने डबा उघडलाच नाही.

“धाकट्या, बाटल्या ओळीने लावल्या. दर गुरुवारची पिवळी निघते. बाकी साऱ्या बऱ्या. गुरुवारी कोण काय सोडतं, तुला काही ठाऊक?”

काका माझ्याकडे पाहत नव्हता. मुद्दाम पाहत नव्हता, ते मला कळलं. “मला काय ठाऊक?” तो म्हणाला.

पुढच्या गुरुवारी भोंगा वाजला. काका खड्ड्यात उतरला, त्याने माझ्या चाकावर दोन्ही हात ठेवले आणि तसाच उभा राहिला. मी मनात म्हणालो, आज नको. वरून साहेबांनी हाक मारली, “काय हो फिटर, जाम झालाय का?” नोकरीची चार वर्षं उरली होती आणि राहायची खोली कारखान्याची होती. काकाने मला उघडलं. त्यानंतर त्याने मला आणखी दहा गुरुवार उघडलं. ताई त्या काळातही डबा आणत होती आणि तो खात होता. त्या अकरा गुरुवारांची लाज मला आजही वाटते. तो माणूस आतून कसा झिजत होता, ते फक्त मी पाहिलं.

एका सकाळी साहेब धावतपळत आले. न्यायालयाच्या तज्ज्ञबाई मंगळवारी स्वतः पाहणीला येणार होत्या. साहेबांनी सगळ्यांना फर्मावलं, “पाहुणे येताहेत. कारखाना लख्ख दिसला पाहिजे.” माझ्याबद्दल काय सांगायचं ते वकिलाने ठरवलं होतं : हा जुना व्हॉल्व्ह, सहा वर्षं बंद, गंजून जाम झालेला. खड्ड्यावर पालापाचोळाही टाकला. पण मधे एक शनिवार होता, आणि शनिवारी काय करायचं ते काकाच्या हातांना ठाऊक होतं. पाला बाजूला सारून तो उतरला, दांडा पुसला, ग्रीस भरलं, चाकावरचा टवका उडाला होता तिथे लाल रंगाचा हात फिरवला आणि पाला परत नीट पसरला. मुद्दाम नाही केलं, मित्रांनो. एखादी वस्तू वाईट कशी ठेवायची हे त्या माणसाला येतच नव्हतं.

बाई आल्या त्या ओढ्यातलं पाइपाचं तोंड पाहूनच. पाला हटवायला लावून त्या साडी सावरत सरळ खड्ड्यात उतरल्या. साहेब वरून म्हणाले, “सहा वर्षांत हलला नाही, मॅडम. गंजलाय पार.” बाईंनी माझ्या दांड्यावर एक बोट फिरवलं आणि पांढऱ्या कागदाला पुसलं. ताजं, पिवळसर ग्रीस. मग त्यांनी तो कागद सगळ्यांना दाखवला.

“गंजलेल्या व्हॉल्व्हला ग्रीस कोण लावतं?” त्यांनी विचारलं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. दूर उभा असलेला काका आपल्या नखांतलं ग्रीस पाहत होता. माझ्यावर लाखेची मोहोर लागली.

दुसऱ्या दिवशी साहेब काकाला माझ्याजवळ घेऊन आले. आवाज अगदी मऊ. “हे पाहा, फिटर. ग्रीस लावतो म्हणून सांगा, ते खरंच आहे. सवयीने लावतो म्हणा. चाक फिरवलं हे सांगायची काय गरज? कुणी पाहिलंय? तुमची खोली, तुमची चार वर्षं, सगळं शाबूत राहील.” काका हातातल्या फडक्याची घडी करत राहिला. साहेबांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि ते गेले.

मला पाइपावरून सोडवून न्यायालयात नेलं गेलं. बोल्ट काढायला काकालाच बोलावलं होतं. त्याने ते इतक्या अलगद काढले की एकाचाही आटा खराब झाला नाही. तिथे मी एका टेबलावर, गळ्यात चिठ्ठी बांधून बसलो. पुढच्या बाकावर ताई होती, हातांना फडकी गुंडाळलेली. आणि मागची बाकं गच्च भरली होती. उरलेल्या पाच कारखान्यांची माणसं वह्या घेऊन बसली होती. आपली पाळी कधी येते ते पाहायला आली होती.

काका उभा राहिला. तज्ज्ञबाईंनी विचारलं, “ग्रीस तुम्ही लावता?”

“हो. दर शनिवारी.”

“आणि व्हॉल्व्ह उघडत होतात?”

साहेब खाली पाहत होते. काका ताईकडे पाहत होता. त्या खोलीत मला माझा जन्म, ती हातोडीची टिचकी, सगळं नकोसं झालं. तो ‘नाही’ म्हणाला असता तर मी कुणाला दोष दिला नसता.

“उघडत होतो. दर गुरुवारी, जेवणाच्या भोंग्याला.”

“पाणी कुठे जातं ते ठाऊक होतं?”

“आधी नव्हतं. मग ठाऊक झालं.”

“ठाऊक झाल्यावर बंद केलंत?”

काकाने नकारार्थी मान हलवली. “ठाऊक झाल्यावर अकरा गुरुवार उघडला,” तो म्हणाला. “ताईने सांगितलं होतं, तरी उघडला.”

ताई उठली आणि कुणाकडेही न पाहता दारातून बाहेर गेली. काकाची साक्ष अजून संपली नव्हती. तो उरलेली साक्ष त्या उघड्या दाराकडे तोंड करून देत राहिला.

निकाल दोन महिन्यांत लागला. माझा पाइप काँक्रीटने बुजवायचा. धुण्याचं पाणी बाहेर जाऊ न देता त्यातलं क्रोम काढून घ्यायचं आणि तेच पाणी फिरवून वापरायचं. ताईला पिण्याचं पाणी घरपोच द्यायचं. तिची विहीर दर तीन महिन्यांनी तपासायची आणि आकडा न्यायालयात सादर करायचा, चांगला होईपर्यंत. आकडा दिला नाही तर मुलाम्याचे हौद बंद. साहेब बदलले. नवे आले ते कुरकुरत आले, पण कामाला लागले. वर्षभरात त्यांच्या ध्यानात आलं की जे क्रोम आपण गुरुवारी ओढ्यात सोडत होतो ते परत हौदात घालता येतं. मग ते असं सांगू लागले, जणू ही त्यांचीच कल्पना.

आणि गंमत पाहा, त्या पाच कारखान्यांना न्यायालयाने काहीच हुकूम केला नव्हता. तरी एकाने सहा महिन्यांत नवी टाकी बांधली, दुसऱ्याने विषारी औषध बदलून सौम्य आणलं, तिसऱ्याने आपल्या मागच्या भिंतीजवळचा खड्डा गुपचूप बुजवला. चोराच्या मनात चांदणं. एक पाहुणा माझ्यासमोर उभा राहून दुसऱ्याला म्हणाला, “आता ते कोर्ट बोट लावून बघतं हो. परवडत नाही.” धाकाने असो, शहाणपणाने असो, ओढा निवळला. हे मी मान्य करतो, आणि त्याचा आनंदही आहे.

न्यायालयाने मला कारखान्याला परत केलं तेव्हा नव्या साहेबांनी माझ्या चाकाला क्रोमचा मुलामा दिला आणि मला इथे बसवलं. ज्या चाकाने हे सारं केलं त्याची ही शोभा!

काका निकालानंतर कामावर आला नाही. न्यायालयाने त्याला शिक्षा केली नव्हती, नव्या साहेबांनी बोलावलंही होतं. त्याने खोलीची किल्ली पाठवून दिली. वर्षभर ताई त्याच्याशी बोलली नाही. पण विहिरीचं पाणी घ्यायला कारखान्याचा माणूस गेला तेव्हा तिने त्याला फाटकातूनच परत पाठवलं. “तुमच्या माणसांना माझ्या आवारात पाय ठेवू देणार नाही. बाटली धाकटा भरेल,” असं तिने सांगितलं. तेव्हापासून दर तीन महिन्यांनी काका बाटली घेऊन इथे येऊ लागला. प्रयोगशाळेची खिडकी माझ्या समोरच आहे. पहिल्यांदा आला तेव्हा त्याने माझ्या चाकाला हात लावला, त्यावर उमटलेले बोटांचे ठसे पाहिले आणि बाहीने पुसून टाकले.

एकदा ताईही आली. ती माझ्यासमोर उभी राहिली, चाकात स्वतःचं तोंड पाहिलं. “बरं चमकवलंय मेल्याला,” म्हणाली. मग खिडकीतल्या मुलीला विचारलं, “पोरी, विहीर कधी चांगली होईल गं?”

“मातीतून निघायला वेळ लागतो, आजी. आठ-दहा वर्षं तरी.”

“म्हणजे माझ्या हयातीत काही नाही,” ताई म्हणाली आणि हसली. काका हसला नाही. बाहेर पडताना तिने त्याच्या खांद्याचा आधार घेतला, आणि त्याने चाल मंद केली.

आकडा उतरत गेला. फार हळू. मुलगी दर वेळी सांगायची आणि काका तो कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून न्यायचा, घरी कुणीतरी वाट पाहत असल्यासारखा.

गेल्या आठवड्यात तो आला. मुलगी खिडकीतून जवळजवळ ओरडलीच, “काका! मागच्या बाटलीचा आकडा मर्यादेत आलाय! सात वर्षांनी! आता विहीर प्यायला चालेल!”

काकाने बाटली खिडकीत ठेवली. “बरं झालं,” म्हणाला.

मुलीने नवा कागद ओढला आणि नेहमीच्या रकान्यावर आली. “विहिरीवर अवलंबून माणसं... एकच ना? आजी?”

“शून्य लिही,” काका म्हणाला.

मुलीचा हात थांबला. तिने पेन खाली ठेवलं. “कधी?”

“महिना झाला.”

“काका, वापरणारं कुणी नसेल तर तपासणी बंद करता येते. नियमात आहे. तुम्हाला पुन्हा पुन्हा यावं लागणार नाही.”

“बंद नको करू,” काका म्हणाला. “मी आणत जाईन.”

तो माझ्यासमोरून गेला तेव्हा माझ्या चाकात त्याचं तोंड दिसलं. मी ते नीट दाखवू शकलो नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात, शाळेत, उद्या तुमच्या कामाच्या ठिकाणी, मागच्या बाजूला एखादं चाक असेल. त्याला तेल घाला, पुसा, रंग द्या. वस्तूंची निगा राखणारी माणसं मला आजही आवडतात. पण एक दिवस हातातलं फडकं खाली ठेवा आणि त्या पाइपाच्या कडेकडेने चालत जा. तो कुठे उघडतो ते स्वतः पाहून या. कोर्ट सांगेल, साहेब सांगतील, अशी वाट पाहू नका. आणि जायचं असेल तर तिथे राहणारं माणूस आहे तोवर जा.